मोजून सोडलेला प्रकाश

एलईडी बॅटरीला थेट जोडायचा नाही, मध्ये रेझिस्टर घालायचा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कधी सर्किट जोडलं असेल, तर हा नियम तुम्हाला पाठ असेल. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, नारिंगी-नारिंगी-तपकिरी पट्ट्यांचा ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी. रेझिस्टर विसरलात तर एलईडी एकदा लख्ख पेटतो आणि मग कधीच पेटत नाही.

रेझिस्टर विद्युतप्रवाहाला आवर घालतो, म्हणून एलईडी वाचतो, असं आपण शिकतो. ते बरोबरच आहे. पण तोच रेझिस्टर गुपचूप आणखी एक काम करत असतो. एलईडीत शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना तो शिस्त लावतो. आणि त्या इलेक्ट्रॉनांपासून निघालेला सगळा प्रकाश जर गोळा करता आला, तर तो अगदी आदर्श लेसरच्या प्रकाशापेक्षाही शांत असतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. प्रकाशाचा ‘शांतपणा’ म्हणजे काय, तो कुठून येतो आणि कशाने बिघडतो, हे इथे उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

दिव्याचा उजेड आपल्याला स्थिर दिसतो, पण तो येतो कणाकणाने. या कणांना फोटॉन म्हणतात. समजा १ मिलिवॅटचा एक अवरक्त झोत आहे, तरंगलांबी ८५० नॅनोमीटर. डोळ्यांना न दिसणारा, रिमोट कंट्रोलमधून निघतो त्या जातीचा. या झोतातून एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सरासरी ४३ लाख फोटॉन जातात. आता पुढच्या नॅनोसेकंदात बरोबर तेवढेच जातील का? नाही. कधी २ हजार जास्त, कधी २ हजार कमी. झोत कितीही चांगला असला, वीजपुरवठा कितीही स्वच्छ असला, तरी मोजणी अशी हलतच राहते.

पत्र्यावर पडणारा पाऊस आठवा. सर एकसारखी असते, पण प्रत्येक थेंब आपापल्या वेळेला पडतो. शेजारचा थेंब कधी पडला याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून पत्र्यावर एकसुरी ‘ऊं’ असा आवाज येत नाही, सरसर येते. ही सरसर म्हणजेच गोंगाट. एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना मोजल्या की सरासरी १०० ला चढउतार १० चा, सरासरी १०,००० ला १०० चा, म्हणजे चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. गणितात याला प्वासाँचं वितरण म्हणतात. वर ४३ लाखांचं वर्गमूळ सुमारे २,१०० येतं, ते याच हिशेबाने.

हा गोंगाट पहिल्यांदा ओळखला गेला तो मात्र प्रकाशात नव्हे, विजेच्या प्रवाहात. १९१८ साली जर्मनीत वाल्टर शॉट्की रेडिओच्या निर्वात नळ्यांचा अभ्यास करत होते. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात ते थेंबांसारखेच, एकेकटे, आपापल्या वेळेला. त्यामुळे ॲम्प्लिफायर कितीही सुधारला तरी एक खरखर उरणारच, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यांनी तिला जे नाव दिलं त्यात ‘श्रोट’ हा जर्मन शब्द होता, म्हणजे बंदुकीचे छर्रे. पुढे इंग्रजीतून तो सगळीकडे ‘शॉट नॉइज’ म्हणून रूढ झाला. मीही तोच शब्द वापरतो.

शॉट नॉइज इतका का छळतो? कारण तो मोजमापाची अखेरची पायरी ठरवतो. हवेतल्या एखाद्या वायूने प्रकाशाचा लाखातला एक भाग शोषला, हे ओळखायचं असेल, तर झोताचा स्वतःचा चढउतार त्याहून कमी हवा. त्यासाठी किमान हजार कोटी फोटॉन मोजावे लागतात. आणखी दहापट बारकावा हवा तर शंभरपट फोटॉन. वेळ वाढवा किंवा उजेड वाढवा, तिसरा मार्ग दिसत नाही. पण जिवंत पेशीवर वाटेल तेवढा उजेड टाकता येत नाही, ती भाजते. आणि काही घटना इतक्या झटपट होतात की थांबून मोजायला वेळच नसतो. मग प्रश्न उरतो, की थेंबांना रांगेत पडायला लावता येईल का?

बराच काळ उत्तर ‘नाही’ असंच वाटत होतं. लेसर आला, त्याचा प्रकाश किती शिस्तबद्ध असतो ते कळलं, आणि १९६३ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉय ग्लॉबर यांनी त्या प्रकाशाचं पुंजयामिकीतलं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समधलं, वर्णन मांडलं. त्यात असं दिसलं, की अगदी आदर्श लेसरमधले फोटॉनही पावसासारखेच येतात. लहरी शिस्तीत, पण कणांची मोजणी विखुरलेली. त्याच वर्षी एन्नकल चांडी जॉर्ज सुदर्शन यांनी प्रकाशाच्या कोणत्याही अवस्थेला अशा आदर्श लेसर-अवस्थांच्या मिश्रणाच्या रूपात मांडायची एक विलक्षण पद्धत दिली. सुदर्शन मूळचे केरळचे. अमेरिकेला जाण्यापूर्वी, तरुणपणी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांच्या पद्धतीतलं मिश्रणाचं प्रमाण एखाद्या प्रकाशासाठी ऋण किंवा त्याहूनही विचित्र येऊ लागलं, तर समजायचं की या प्रकाशाला जुन्या भौतिकशास्त्रात जागाच नाही. पावसापेक्षा शिस्तीत येणारे फोटॉन नेमके या वर्गात बसतात. २००५ चं नोबेल ग्लॉबर यांना मिळालं, सुदर्शन यांना नाही. ही गोष्ट त्यांना स्वतःला खूप लागली आणि त्यांनी तसं नोबेल समितीला लिहूनही कळवलं. या विषयावर मराठीत लिहिताना त्यांचं नाव गाळून पुढे जाणं मला जमणार नाही.

असा शिस्तीचा प्रकाश निसर्ग मनाई करत नाही, हे कळलं. पण बनवायचा कसा? पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी आहे. झोताचा अर्धा भाग अर्धपारदर्शक आरशाने बाजूला काढायचा, मोजायचा, जास्त आला तर दिवा किंचित मंद करायचा, कमी आला तर वाढवायचा. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं, फक्त स्वयंचलित. हे करून पाहिलं गेलं आहे, आणि मोजायला घेतलेला भाग खरोखर शांत होतो. पण जो भाग आपल्याला वापरायचा असतो तो उलट जास्तच खरखरू लागतो! कारण आरशावर पोचलेला प्रत्येक फोटॉन आरपार जायचं की परतायचं, हे स्वतंत्रपणे ठरतं. या बाजूला पाच जास्त आले, यावरून त्या बाजूला किती गेले हे काहीच कळत नाही. आपण या बाजूची चूक दुरुस्त करायला जातो आणि त्या बाजूला नवी चूक घालतो. आणि मोजलेला भाग तर मोजण्यातच संपलेला असतो, डिटेक्टरने खाल्लेला.

म्हणजे प्रकाश जन्मल्यावर त्याला शिस्त लावायला जाण्यात अर्थ नाही. मोजणी जन्माआधी व्हायला हवी. आणि इथे सेमीकंडक्टर, म्हणजे अर्धवाहक, इतर सगळ्या प्रकाशस्रोतांहून वेगळा ठरतो.

ट्यूबलाइटमध्ये किंवा तंतूच्या बल्बमध्ये वीज आणि प्रकाश यांच्यात सरळ हिशेब नसतो. मध्ये उष्णता असते, धडका असतात, सगळं घुसळलेलं असतं. एलईडीत मात्र हिशेब रोखठोक आहे. दोन प्रकारच्या अर्धवाहक थरांच्या सीमेवर एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने ‘होल’ म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा येते. इलेक्ट्रॉन त्या जागेत पडतो आणि सुटलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपात बाहेर पडते. एक इलेक्ट्रॉन आत, एक फोटॉन बाहेर. मग फोटॉन मोजायचे कशाला? इलेक्ट्रॉन मोजून सोडले की काम झालं.

इलेक्ट्रॉन मोजून सोडायला काही मोठं यंत्र लागत असेल असं वाटेल. नाही लागत. शॉट्कींच्या नळीत इलेक्ट्रॉन मोकळ्या पोकळीतून एकेकटे उडत होते, म्हणून ते थेंबांसारखे होते. तांब्याच्या तारेत किंवा रेझिस्टरमध्ये तसं नसतं. तिथे इलेक्ट्रॉनांची इतकी दाटी असते आणि ते एकमेकांना इतके ढकलत असतात की कुठे गर्दी झाली तर ती लगेच पसरते, कुठे जागा झाली तर लगेच भरते. सरकत्या गर्दीसारखा प्रवाह पुढे जातो. उरते ती फक्त उष्णतेमुळे होणारी चुळबुळ. तिचा हिशेब १९२८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी लावला.

ही चुळबुळ किती? शॉट नॉइजशी तुलना केली तर उत्तर फार सुटसुटीत येतं. खोलीच्या तापमानाला ५२ मिलिव्होल्ट हा आकडा लक्षात ठेवायचा. रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज या ५२ मिलिव्होल्टच्या जितके पट असेल, तितक्या पटीने प्रवाहातला गोंगाट शॉट नॉइजपेक्षा कमी. शाळेतल्या सर्किटमध्ये ९ पैकी सुमारे २ व्होल्ट एलईडीवर पडतात, ७ रेझिस्टरवर. ७ व्होल्ट म्हणजे ५२ मिलिव्होल्टच्या १३० पटींहून जास्त. प्रवाहातला गोंगाट पावसाच्या हिशेबाने जेवढा असायला हवा, त्याच्या एक टक्क्याहूनही कमी! कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या रेझिस्टरने इलेक्ट्रॉन जवळजवळ मोजून सोडले.

रेझिस्टर हे एलईडीच्या आत कसं पोचवतो, तेही बघण्यासारखं आहे. एलईडीचं जंक्शन, म्हणजे त्या दोन अर्धवाहक थरांची सीमा, विद्युतभार साठवतं, म्हणजे ते एक छोटा कपॅसिटरच असतं. त्याची धारिता १०० पिकोफॅरॅड धरली, तर आत आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे जंक्शनचं व्होल्टेज १.६ नॅनोव्होल्टने चढतं. एका इलेक्ट्रॉनने काही फरक पडत नाही. पण योगायोगाने लाखो इलेक्ट्रॉन जास्त शिरले, की तोल बदलतो आणि आत शिरण्याचा वेग किंचित घटतो. कमी शिरले तर वाढतो. बाहेर मोठा रेझिस्टर असल्यामुळे हे व्होल्टेज बॅटरी झटकन पूर्ववत करू शकत नाही, म्हणून ही आपोआप होणारी दुरुस्ती टिकते. एलईडी रेझिस्टरशिवाय थेट स्थिर व्होल्टेजवर चालवला, तर ही दुरुस्ती पुसली जाते आणि इलेक्ट्रॉन पुन्हा थेंबांसारखे टपटपू लागतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला योशिहिसा यामामोतो यांच्या गटाने १९९० च्या दशकात या परिणामाचा सखोल अभ्यास केला.

इथे एक शंका यायलाच हवी. इलेक्ट्रॉन मोजून आत आले, कबूल. पण होलमध्ये नेमकं कधी पडायचं हे तर पुंजयामिकीच्या लहरीवर आहे. मग फोटॉनची वेळ पुन्हा विखुरणार नाही का?

विखुरते. पण किती वेळाच्या खिडकीतून मोजता यावर सगळं अवलंबून आहे. पंढरपूरची दर्शनरांग डोळ्यांसमोर आणा. समजा दर मिनिटाला बरोबर ३० जणांना आत सोडलं जातं. गाभाऱ्यात कुणी पायावर डोकं ठेवून क्षणभर थांबतो, कुणी थांबत नाही. बाहेर पडणारे एका सेकंदात कधी दोन, कधी एकही नाही. पण तासाभराचे मोजले तर १,८०० च भरतील, फार तर दोनचार इकडेतिकडे. आत किती सोडले हे ठरलेलं आहे, आणि आत कुणी मुक्कामाला राहत नाही. एलईडीत इलेक्ट्रॉनचा हा ‘गाभाऱ्यातला वेळ’ काही नॅनोसेकंदांचा असतो. मायक्रोसेकंदभर मोजलं, तर ती लहर धुऊन निघते. म्हणून शिस्तीसाठी लेसरच हवा असं नाही. साधा, सर्व दिशांना विस्कटलेला, उत्स्फूर्त प्रकाशही मोजणीत शांत असू शकतो. मला या साऱ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर मुद्दा वाटतो.

मग शाळेतला लाल एलईडी शांत प्रकाश देतो का? नाही. का नाही, हे समजायला आंब्याच्या पेट्यांकडे वळू.

बागेतून प्रत्येक पेटीत बरोबर १०० हापूस भरून पाठवले. पेटीमागे एकाचाही फरक नाही. वाटेत दर दहातला एक आंबा योगायोगाने सडतो. बाजारात पेटी उघडल्यावर सरासरी ९० चांगले निघतील, चढउतार सुमारे ३ चा. डोळे झाकून मूठमूठ भरलेल्या पेट्यांत सरासरी ९० ला चढउतार साडेनऊचा असता. म्हणजे बागेतली शिस्त बाजारात अजून ठळक दिसते आहे. आता वाटेत निम्मे सडतात असं धरा. सरासरी ५०, चढउतार ५ चा. बेशिस्त पेटीत ७ चा असता. शिस्त दिसते, पण फिकी. आणि शंभरातले फक्त ५ वाचत असतील, तर मोजून भरलेली पेटी आणि मुठीने भरलेली पेटी यांच्यात फरक करणं जवळजवळ अशक्य. तुम्ही बागेत कितीही काटेकोर मोजलं असलं तरी.

प्रकाशाचं तंतोतंत असंच आहे. आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे जितके फोटॉन शेवटी मोजले जातात, तेवढे टक्के गोंगाट कमी होऊ शकतो, त्याहून जास्त नाही. २० टक्के पोचले तर गोंगाट फार तर २० टक्क्यांनी घटेल. ९० टक्के पोचले तर एक दशांशावर येईल. वाटेत हरवलेला प्रत्येक फोटॉन थोडी पावसाची सरसर परत आणतो. ध्वनीच्या क्षेत्रात आवाज कमी करायला मध्ये उशी ठेवतात; इथे मध्ये काहीही ठेवलं की शांतता बिघडते. साधी काच, धुळकट भिंग, काळपट आरसा, सगळे शत्रू.

आणि एलईडीत फोटॉन हरवायच्या जागा भरपूर. काही इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच, स्फटिकातल्या दोषांपाशी उष्णता होऊन संपतात. थंड केल्यावर हे कमी होतं, म्हणून हे प्रयोग अनेकदा द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत करतात. पण खरी अडचण पुढे आहे. असे एलईडी ज्या अर्धवाहकाचे बनवतात त्या गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, साडेतीनच्या वर, काचेच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे आतून पृष्ठभागाकडे येणारा किरण लंबरेषेपासून सुमारे १६ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल, तर बाहेर पडतच नाही, आतच परततो. सपाट पृष्ठभागातून एका वेळी जेमतेम २ टक्के प्रकाश सुटतो. विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं तसं आहे, आकाश केवढं पण दिसतं थाळीएवढं. यावर उपाय म्हणून एलईडीवर घुमट बसवतात, प्रकाश शोषणारा खालचा थर काढून टाकतात, मागे आरसा लावतात, आणि परतलेला फोटॉन पुन्हा शोषून पुन्हा उत्सर्जित व्हायला वाव देतात. विजेची बचत करणारे चांगले एलईडी बनवण्यासाठी लोकांनी जे जे केलं, ते सगळं शांत प्रकाशाच्या कामी आलं.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर १९८० च्या दशकातली धावपळ समजते. रशियात गोलुबेव्ह आणि सोकोलोव्ह यांनी १९८४ साली गणिताने दाखवलं, की लेसरला ऊर्जा नियमित दिली तर बाहेरचा प्रकाशही पावसापेक्षा शिस्तीचा होईल. १९८५ मध्ये अमेरिकेत टाइच आणि सालेह यांनी पाऱ्याच्या वाफेवर इलेक्ट्रॉन सोडून असा प्रकाश खरोखर मिळवला, पण हिशेबात फार थोडे फोटॉन येत असल्याने परिणाम अगदी पुसट होता. जपानमध्ये एनटीटी या दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत यामामोतो आणि माचिदा यांच्या लक्षात आलं, की अर्धवाहक लेसरला नियमित ऊर्जा द्यायला वेगळं काही करायलाच नको, मोठा रेझिस्टर पुरे. १९८७ साली त्यांनी स्थिर प्रवाहावर चालणाऱ्या लेसरचा गोंगाट शॉट नॉइजच्या खाली उतरलेला मोजून दाखवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला टॅप्स्टर, रॅरिटी आणि सॅचेल यांनी तेच साध्या एलईडीवर केलं. घट होती सुमारे ४ टक्के. ४ टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण शाळेतल्या प्रयोगात शोभेल अशा वस्तूने पुंजयामिकीतली, जुन्या भौतिकशास्त्रात न बसणारी गोष्ट करून दाखवली होती. मला ते मोठं वाटतं.

लेसर पुढे सरसावला तो दोन कारणांनी. त्याचा प्रकाश एकाच दिशेला जातो, म्हणून गोळा करायला सोपा. आणि लेसर एकदा उंबरठ्याच्या, म्हणजे तो सुरू व्हायला लागणाऱ्या किमान, प्रवाहापलीकडे, त्याच्या कित्येक पट वर, चालू लागला की आलेला जवळजवळ प्रत्येक जादा इलेक्ट्रॉन त्या झोतातच फोटॉन टाकतो. उंबरठ्याजवळ मात्र तो भयंकर खरखरतो, तिथे शांतता शोधू नये. १९९१ साली रिचर्डसन, माचिदा आणि यामामोतो यांनी अतिशय थंड केलेला लेसर आणि डिटेक्टर अगदी समोरासमोर ठेवून ८.३ डेसिबेलची घट नोंदवली. म्हणजे गोंगाट मूळच्या सुमारे १५ टक्क्यांवर.

इतरांनी आपापल्या प्रयोगशाळेत हे करायला घेतलं तेव्हा एक कोडं समोर आलं. दिसायला एकसारखे दोन लेसर, एक शांत, दुसरा नाही. पॅरिसमध्ये एलिझाबेथ जॅकोबिनो यांच्या गटाने १९९५ च्या सुमारास त्याचा उलगडा केला. लेसर मुख्यतः एका तरंगलांबीवर चालतो, पण शेजारच्या तरंगलांब्यांवरही किंचित मिणमिणतो. या मिणमिणत्या शाखा ताकदीने नगण्य, पण गोंगाटात अजिबात नगण्य नाहीत. एका घरात पगार ठरलेला आणि दोन भाऊ वाटून घेणारे असावेत, तसं आहे. एकाने जास्त उचलला की दुसऱ्याला तेवढा कमी. प्रत्येकाचा खिसा महिन्यागणिक हेलकावे खातो, घराची बेरीज मात्र स्थिर. सगळ्या शाखा एकत्र मोजल्या तर प्रकाश शांत. ‘शुद्ध’ रंग मिळवायला फिल्टर लावून बाजूच्या शाखा काढून टाकल्या, की उरलेला झोत उलट जास्त खरखरीत. काही लेसरांत मात्र शाखांचा हिशेब पूर्ण जुळत नाही आणि बेरीजही हलते. त्यांना दुसऱ्या लेसरचा क्षीण झोत आत सोडून एकाच तरंगलांबीवर बांधून ठेवावं लागतं.

पुंजयामिकीत काही फुकट मिळत नाही, असं ऐकलेलं असतं. मग ही शांतता कशाच्या बदल्यात? फोटॉनची संख्या जितकी पक्की, तितकी लहरीची कला, म्हणजे तिचे चढ आणि उतार नेमके कोणत्या क्षणी येतात ते, अनिश्चित. ही किंमत द्यावीच लागते. पण एलईडीच्या प्रकाशाला ठरलेली कला नसतेच, आणि अर्धवाहक लेसरची कला तशीही सतत भरकटत असते. ज्याचा हिशेब आधीच विस्कटला आहे त्यात थोडी आणखी भर. संख्येपुरतं काम असेल तर ती भर जाणवतही नाही.

कलेची शांतता हवी असते तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, म्हणून याबद्दल मराठीत आता बरंच वाचायला मिळतं. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत २०१९ पासून ‘दाबलेला’ (स्क्वीझ्ड), म्हणजे गोंगाट शॉट नॉइजच्या खाली आणलेला, प्रकाश नियमित वापरला जातो. तो एलईडीतून किंवा स्थिर प्रवाहाच्या युक्तीतून येत नाही. विशिष्ट स्फटिकात एका फोटॉनचे दोन जुळे फोटॉन करून तो बनवतात. नातं जवळचं, घराणं वेगळं.

रेझिस्टर ही मोजणी कोट्यवधी इलेक्ट्रॉनांच्या घोळक्यावर करतो. मग एकेक इलेक्ट्रॉन मोजता येईल का? जंक्शन इतकं लहान केलं की एका इलेक्ट्रॉनने व्होल्टेज नॅनोव्होल्टने नव्हे, उष्णतेच्या चुळबुळीहून जास्त चढेल, तर पहिला आत असेपर्यंत दुसऱ्याला दारच बंद. इमामोग्लू आणि यामामोतो यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली, आणि १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या सूक्ष्म स्तंभातून एकेक फोटॉन सोडून दाखवला. त्याला त्यांनी दिलेलं नाव फिरत्या फाटकाचं होतं, मेट्रो स्थानकावर एका वेळी एकच माणूस सोडतं तसलं. आज क्वांटम डॉट नावाचे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म ठिपके एकेक फोटॉन देण्यासाठी वापरतात, आणि तिथेही लढाई तीच आहे. बनलेला फोटॉन वाटेत हरवू द्यायचा नाही.

फ्रान्समध्ये ओर्सेला रोश, प्वाझा आणि ग्रांजिए यांनी १९९३ साली केलेला प्रयोगही इथे सांगायला हवा. प्रकाश चांगल्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाशाची वीज करणाऱ्या अर्धवाहकावर, घ्यायचा, त्यातून निघालेल्या प्रवाहाने एलईडी पेटवायचा. फोटॉनचा इलेक्ट्रॉन, इलेक्ट्रॉनचा पुन्हा फोटॉन. मध्ये प्रवाह वाचून घ्यायचा. मूळ झोत संपला, पण त्याची मोजणी दोन ठिकाणी उरली, आपल्या वहीत आणि नव्या झोतात. अर्धपारदर्शक आरशाला जे जमत नाही ते तारेला जमतं, कारण तारेतला प्रवाह फाटा न फोडता वाचता येतो.

आता पुन्हा टेबलावरच्या एलईडीकडे येऊ. मला मनापासून वाटतं की हा प्रयोग आपल्या महाविद्यालयांच्या एमएस्सीच्या प्रयोगशाळांत व्हावा. महागडं म्हणावं असं एकच उपकरण लागतं, स्पेक्ट्रम ॲनालायझर. कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे, हे तो पडद्यावर रेघेने दाखवतो. जास्त कार्यक्षमतेचा अवरक्त एलईडी घ्यायचा, त्याला मोठ्या पृष्ठभागाच्या सिलिकॉन फोटोडायोडला नाकाला नाक लावून बसवायचं. एलईडीत १० मिलिॲम्पिअर सोडले आणि फोटोडायोडमधून २ मिलिॲम्पिअर मिळाले, तर शंभरातले २० पोचले. गोंगाट २० टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ १ डेसिबेलने, कमी दिसायला हवा. पण कशापेक्षा कमी? त्यासाठी टॉर्चचा जुना तंतूचा बल्ब. त्याचा प्रकाश त्याच फोटोडायोडवर टाकून प्रवाह पुन्हा बरोबर २ मिलिॲम्पिअर करायचा. बल्बचा प्रकाश पावसासारखाच पडतो, म्हणून त्याची रेघ हीच शॉट नॉइजची रेघ. मोजणी एक मेगाहर्ट्झच्या आसपास करायची. त्याच्या फार खाली विजेच्या जोडणीची ५० हर्ट्झची गुणगुण आणि इतर खुटखुट सगळं झाकून टाकते.

बल्ब बंद, एलईडी चालू. पडद्यावरची रेघ थोडी खाली बसते. आता एलईडी फोटोडायोडपासून हळूच मागे ओढायचा, प्रवाह १ मिलिॲम्पिअरवर येईपर्यंत. बल्बही तेवढाच करून पुन्हा तुलना करायची. अंतर आधीच्या निम्मं उरतं, कारण निम्मे आंबे वाटेत गेले. एलईडी परत जागेवर आणायचा, आणि शेवटी त्याच्या दोन पायांमध्ये एक मोठा कपॅसिटर डकवायचा. सरासरी प्रवाह तोच, उजेड तोच, डोळ्याला काहीही बदललेलं दिसत नाही. पण जंक्शनचं व्होल्टेज आता कपॅसिटरने घट्ट धरून ठेवलं आहे, रेझिस्टरची शिस्त आतपर्यंत पोचत नाही, आणि बऱ्याच एलईडींमध्ये पडद्यावरची रेघ वर सरकून बल्बच्या रेघेला जाऊन मिळते.